परळचें ऋण

वैद्यकाचे नियम कोठून येतात, हा प्रश्न घरच्या माणसांस सहसा पडत नाहीं. डॉक्टरीणबाई गर्भवती सुनेला सांगतात, "ह्या गोळ्या रोज एक याप्रमाणें सहा महिने घ्या," आणि सासूबाई ती पुडी फडताळांत जपून ठेवतात. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईस कोणी सुचवितें कीं, एकदां तपासून घ्या, ती "मला काय धाड भरली आहे?" असें म्हणून पदर खोंचते आणि कामास लागते. एके ठिकाणीं नियम पाळला जातो, दुसरे ठिकाणीं मोडला जातो. पण तो नियम कोणीं केला, कशाच्या आधारावर केला, आणि तो करण्यापूर्वीं कोणाच्या देहावर त्याची परीक्षा झाली, याची विचारपूस दोन्ही ठिकाणीं होत नाहीं. धर्मशास्त्राचें एखादें वचन कोणी सांगितलें तर त्यास ताबडतोब आधार विचारणारे आम्ही सुशिक्षित लोक वैद्यकाच्या वचनापुढें मात्र निमूट मान तुकवितों, ही थोडी चमत्कारिकच गोष्ट होय.

आमचा पेशा इतिहास शिकविण्याचा. बखर एक म्हणते, पत्र दुसरें म्हणतें. दोहोंत विरोध आला तर विश्वास कोणावर ठेवावा, हें विद्यार्थ्यांस समजावून देण्यांत आमची बरींच वर्षें गेलीं. म्हणूनच वैद्यकांतला पुरावा कसा गोळा होतो आणि त्याचा नियम कसा बनतो, याविषयीं आम्हांस कुतूहल उत्पन्न झालें. आणि शोध घेतां घेतां असें आढळून आलें कीं, स्त्रियांच्या आरोग्यासंबंधानें आज जगभर मान्य झालेल्या दोन नियमांमागील पुराव्याचा मोठा भाग आमच्या घरापासून घटका-दीड घटकेच्या वाटेवर असलेल्या परळांत जमा झाला. एका पुराव्याचा आरंभ १९२८ सालचा, दुसऱ्याचा १९९८ सालचा. मध्यें सत्तर वर्षांचें अंतर. पण ज्या दोन संस्थांतून हे प्रयोग चालले त्या एकमेकींपासून हांकेच्या अंतरावर उभ्या आहेत.

परळचें जुनें गव्हर्मेंट हाउस हें एके काळीं मुंबईच्या गव्हर्नरांचें निवासस्थान होतें. १८९६ सालीं शहरांत प्लेग शिरला. हाफकिन साहेबांनीं लस तयार केली. आणि १८९९ सालीं त्या राजवाड्यांत प्लेगची प्रयोगशाळा नेण्यांत आली. तिलाच पुढें, १९२५ मध्यें, हाफकिन इन्स्टिट्यूट असें नांव मिळालें. दुसऱ्याच वर्षीं शेजारीं किंग एडवर्ड हॉस्पिटल आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह हीं दोन मोठीं रुग्णालयें उघडलीं. सभोंवार लालबाग-परळच्या गिरण्या, गिरण्यांच्या सावलींत चाळी, आणि चाळींतल्या एकेका खोलींत कोंकण-घाटावरून आलेलीं कुटुंबें. बायका सूत गुंडाळण्याच्या खात्यांत उभ्या राहून काम करीत, पोटुशी असतांही करीत. १९२८ साल हें गिरणगांवांत मोठ्या संपाचें साल. त्याच वर्षीं मुंबईच्या कायदेमंडळांत गिरणींतील बाळंतिणींस रजा व भत्ता देण्याच्या बिलावर चर्चा झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्या बिलाचा पुरस्कार केला, आणि १९२९ सालीं तो कायदा मंजूर झाला. गिरणींतल्या बाळंतिणीचा जीव हा सार्वजनिक विचाराचा विषय आहे, ही जाणीव तेव्हां नुकती कोठें उगवत होती.

याच सुमारास डॉ. मार्गारेट बालफोर यांनीं बाळंतपणांतील मृत्यूंची चौकशी हातीं घेतली होती. तींत असें दिसलें कीं, पुष्कळ स्त्रिया गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत पांढऱ्या फटक पडतात, त्यांस धाप लागते, पायांवर सूज येते, आणि कित्येक बाळंतपणाच्या आधीं वा नंतर दगावतात. आपल्याकडे या स्थितीस पांडुरोग म्हणत. परंतु हा पांडुरोग नेहमींचा नव्हता. सूक्ष्मदर्शकाखालीं रक्त पाहतां तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. त्याचें कारण शोधण्यासाठीं विलायतेहून डॉ. ल्यूसी विल्स यांस पाचारण करण्यांत आलें. केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्र आणि भूस्तरशास्त्र शिकून नंतर वैद्यकाकडे वळलेल्या या बाई तेव्हां चाळिशीच्या होत्या.

विल्सबाईंची शोधपद्धति इतिहासाच्या विद्यार्थ्यानेंही अभ्यासावी अशी आहे. त्यांनीं प्रयोगशाळेंत बसून तर्क लढविला नाहीं. तळपदे नांवाच्या सहकाऱ्याबरोबर मुंबईंतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची त्यांनीं पाहणी केली. कोण काय खातें, किती खातें, दूध मिळतें कीं नाहीं, पालेभाजी किती वेळां होते, घरांत ऊन शिरतें कीं नाहीं, अशा साध्या प्रश्नांची ती पाहणी होती. ज्यांच्या घरीं बरें खाणेंपिणें आहे त्यांच्यांत हा रोग विरळा. गरिबांत तो पुष्कळ, आणि विशेषेंकरून पडद्यांत राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रियांत अधिक. रोगजंतूचा शोध केला, तो निष्फळ ठरला. तेव्हां बोट आहाराकडे वळलें.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२९ सालीं त्या कांहीं महिने कुन्नूर येथें गेल्या आणि तेथें त्यांनीं पांढऱ्या उंदरांस मुंबईच्या गरीब बायकांचा आहार चारला. उंदीर पांडुरोगी झाले. यीस्ट दिलें तर बचावले. एखाद्यानें तेथेंच विजयाचा डंका पिटला असता. परंतु पुढें असें निष्पन्न झालें कीं, उंदरांचा पांडुरोग उवांनीं पसरणाऱ्या बार्टोनेला नांवाच्या जंतूमुळें होता. म्हणजे ज्या पुराव्यावर अनुमान उभारलें तो पुरावाच भ्रामक ठरला. बाईंनीं तो बाजूस सारला आणि परळांत बिलिमोरिया या सहकाऱ्याबरोबर माकडांवर नवे प्रयोग केले. निकृष्ट आहारानें माकडांत मोठ्या पेशींचा तोच पांडुरोग उत्पन्न झाला. आपली चूक आपणच शोधून काढून पुन्हां पहिल्या पायरीपासून आरंभ करणें हें शास्त्रांत जितकें अवश्य तितकेंच दुर्मिळ असतें.

आतां उपाय कोणता? अमेरिकेंत १९२६ सालीं मायनट आणि मर्फी यांनीं दुसऱ्या एका घातक पांडुरोगावर यकृत खाण्याचा उपाय सिद्ध केला होता. रोज पाव ते अर्धा रत्तल यकृत खावयाचें! परळच्या चाळींतल्या बाईस तें परवडणार कसें, आणि गिरगांवांतल्या शाकाहारी घरांत त्याचें नुसतें नांव तरी कोण काढूं देणार? विल्सबाईंनीं मार्माइट नांवाचा पदार्थ वापरून पाहिला. बिअर गाळल्यावर जें यीस्ट उरतें त्याचा हा दाट, काळसर अर्क. विलायतेंत लोक तो पावाला लावून खातात. तो स्वस्त होता आणि वनस्पतिजन्यही होता. तो पोटांत गेल्यावर कांहीं दिवसांतच नव्या तांबड्या पेशी रक्तांत दिसूं लागल्या आणि मरणाच्या दारीं असलेल्या स्त्रिया उठून बसल्या. १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अर्कांत गुणकारी काय आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. पुढें त्यांनीं दाखविलें कीं, यकृताचा कच्चा अर्क या रोगावर चालतो, पण शुद्ध केलेला अर्क चालत नाहीं. अर्थात् मायनट-मर्फींच्या औषधांतील द्रव्य निराळें आणि हें निराळें. या अनामिक द्रव्यास शास्त्रज्ञ 'विल्स-घटक' म्हणूं लागले.

त्या द्रव्याचें नांव ठरावयास १९४१ साल उजाडलें. अमेरिकेंतल्या टेक्सास येथें तीन शास्त्रज्ञांनीं तें पालकाच्या पानांतून वेगळें केलें आणि पानावरून त्याला फॉलिक आम्ल म्हटलें. आणखी चार वर्षांनीं लेडर्ले प्रयोगशाळेंत, जेथें आपले यल्लाप्रगड सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख होते, तें कृत्रिम रीतीनें बनविण्यांत आलें. पालेभाजी महाग म्हणून जिच्या ताटांत पडत नव्हती, त्या बाईच्या रक्तांत उणें पडलेलें द्रव्य अखेर पालेभाजींतच सांपडावें, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

तरीही सर्व स्त्रियांसाठीं नियम व्हावयास आणखी कालावधि जावा लागला. १९७० सालीं भारत सरकारनें गर्भवती स्त्रियांस लोह आणि फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची योजना आंखली. पुढें प्रश्न उपस्थित झाला तो मुलांचा. पाठीचा कणा उघडा राहून जन्मणारीं मुलें या द्रव्याच्या उणीवेमुळें तशीं जन्मतात काय? ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलनें सात देशांतील ३३ केंद्रांत १,८१७ स्त्रियांवर प्रयोग केला. या सर्वांना पूर्वीं असें एक मूल झालेलें होतें. कोणास फॉलिक आम्ल मिळावें आणि कोणास नाहीं हें केवळ दैवगतीनें ठरविलें. धोका ७२ टक्क्यांनीं उतरलेला दिसतांच १९९१ सालीं प्रयोग मध्येंच थांबविण्यांत आला. कारण गुण कळल्यावरही अर्ध्या स्त्रियांस औषधाविना ठेवणें अधर्म झाला असता. पुढच्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें मूल होण्याच्या वयांतील प्रत्येक स्त्रीस हें द्रव्य रोज घेण्याची शिफारस केली. परळच्या निरीक्षणापासून त्या नियमापर्यंत साठ वर्षें लागलीं. विल्सबाई तर १९६४ सालींच वारल्या होत्या.

आतां दुसऱ्या प्रयोगाकडे वळूं. तो सांगण्यापूर्वीं घरची एक गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. आमची एक मावशी लालबागेंत राहत असे. यजमान गिरणींत, चार मुलें, खोली एक. गणपतींत आम्ही मुलें तिच्याकडे जात असूं, तेव्हां साऱ्या चाळीच्या मोदकांची सूत्रें तिच्या हातीं असत. पाळी गेल्यावर पुन्हां तिच्या अंगावर जाऊं लागलें. ती वर्षभर कोणाला बोलली नाहीं. मुलींस सांगावयाची लाज, सुनेस सांगावयाची त्याहून अधिक. दुखूं लागलें तेव्हां आमच्या आईला तिनें पहिल्यानें सांगितलें. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता, आणि तो फार पुढें गेला होता. आम्ही तेव्हां कॉलेजांत होतों. "आधीं आलां असतां तर" हे डॉक्टरांचे शब्द आमच्या आईनें पुढें कितीदां उच्चारले याची गणती नाहीं.

'आधीं' म्हणजे केव्हां? या रोगाची गति मंद असते. गर्भाशयाच्या मुखावरील पेशींत प्रथम बारीक विकृति होते आणि तिचा कर्करोग बनण्यास बहुधा कित्येक वर्षें लागतात. तेवढ्या अवकाशांत ती दृष्टीस पडली तर थोडक्या उपचारानें काम भागतें. पाश्चात्य देशांत पॅप चाचणीनें, म्हणजे तेथील पेशी कांचेवर घेऊन तज्ज्ञाकडून तपासविल्यानें, मृत्यु पुष्कळ घटले. परंतु त्यासाठीं प्रयोगशाळा हव्यात, शिकलेले तज्ज्ञ हवेत, आणि थोड्या थोड्या वर्षांनीं तीच बाई पुन्हां येईल अशी व्यवस्था हवी. आपल्या देशांत या तिन्ही गोष्टींची वाण. म्हणून एक अगदीं साधी युक्ति पुढें आली. स्वयंपाकघरांतल्या व्हिनेगरमध्यें जें आम्ल असतें तें पातळ करून गर्भाशयाच्या मुखास लावावयाचें. मिनिटभरानें विकृत भाग पांढुरका दिसतो. तो पाहण्यास डॉक्टर लागत नाहीं. दहावीपर्यंत शिकलेली बाई कांहीं आठवड्यांच्या शिक्षणानें तो ओळखूं शकते.

युक्ति सोपी होती. पण तिच्यामुळें मृत्यु खरोखर टळतात काय? कारण तपासणी झाली म्हणजे जीव वांचलाच असें नव्हे. १९४१ सालीं परळांत स्थापन झालेल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनें हा प्रश्न १९९८ सालीं हातीं घेतला. मुंबईच्या झोपडवस्त्यांचे वीस समूह पाडले. त्यांपैकीं दहांत तपासणी करावयाची आणि दहांत करावयाची नाहीं, हें दैवगतीनें ठरविलें. ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांचीं नांवें नोंदलीं गेलीं. एका गटांतील ७५,३६० स्त्रियांना दोन-दोन वर्षांच्या अंतरानें चार वेळां तपासणी देऊं केली. दुसऱ्या गटांतील ७६,१७८ स्त्रियांना कर्करोगाची लक्षणें एकदां समजावून दिलीं आणि त्यांची तब्येत वर्षानुवर्षें नोंदली. तेंच शिकलेल्या आरोग्यसेविका गल्लोगल्लीं हिंडल्या. शरमेचा जो पडदा आमच्या मावशीच्या आड आला, तो या बायकांनीं दारोदार जाऊन आणि सासूसुनांशीं बोलून दूर केला. बोलावलेल्यांपैकीं दहांतील जवळजवळ नऊ जणी तपासणीस आल्या. आमच्या मतें या प्रयोगांतील सर्वांत मोठा पराक्रम हाच होय.

बारा वर्षांनीं हिशेब झाला. तपासलेल्या गटांत या रोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी भरले. दर लक्ष स्त्रियांमागें वर्षाला सुमारें १६ होते ते ११ झाले. रोग होण्याचें प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेंच होतें. पण एका गटांत तो वेळेवर उमगला आणि उपचार पुरे झाले, दुसऱ्यांत तो उशिरां कळला. २०१३ च्या जूनमध्यें डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनीं अमेरिकेंतील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेंत हा निकाल सांगितला आणि व्हिनेगरच्या या युक्तीचा जगभर बोलबाला झाला. त्याच स्त्रियांच्या स्तनांची तपासणीही सेविका हातानें करीत होत्या. तिचा निकाल वीस वर्षांनीं, २०२१ सालीं, आला. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यु सुमारें ३० टक्के घटले होते. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाहीं. चांगला प्रयोग 'होय' जितक्या स्पष्टपणें सांगतो तितक्याच स्पष्टपणें 'नाहीं' सांगतो, हें यावरून ध्यानांत यावें.

इतकें सांगून थांबलों असतों तर हा लेख गौरवाचा झाला असता. परंतु वाचकांच्या मनांत एक शंका आतांपर्यंत आलीच असेल: त्या दुसऱ्या गटांतल्या बायकांचें काय? ही शंका अमेरिकेंतील डॉ. एरिक सुबा यांनीं जाहीरपणें मांडली. मुंबईचा, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानें उस्मानाबाद जिल्ह्यांत केलेला, आणि तामिळनाडूंतील दिंडिगल जिल्ह्याचा, असे तीन प्रयोग मिळून तपासणीविना ठेवलेल्या स्त्रिया १,३८,६२४ होत्या; त्यांपैकीं किमान २५४ या रोगानें मरण पावल्या. पॅप चाचणीनें मृत्यु घटतात हें जगास आधींच माहीत असतां या स्त्रियांस तिच्याविना ठेवणें न्याय्य होतें काय, आणि अशी चाचणी अस्तित्वांत आहे हें त्यांस नीट समजावून सांगितलें होतें काय, असा त्यांचा आक्षेप होता. योजकांचें उत्तर असें कीं, या देशांत त्या काळीं अशा तपासणीची कोणतीही सार्वत्रिक व्यवस्था नव्हती. तेव्हां जें कोणासच मिळत नव्हतें तें कोणापासून हिरावून घेतलें असें होत नाहीं. आणि तुलनेवांचून नवी युक्ति खरी कीं खोटी हें कळण्यास मार्ग नव्हता. निकाल हातीं आल्यावर त्या गटांतील स्त्रियांसही तपासणी देण्याचें त्यांनीं जाहीर केलें.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण तें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आमचें मत असें: प्रश्न विचारणें योग्य होतें, कारण अज्ञानांत चाललेल्या उपचारानेंही माणसें मरतात, आणि त्यांची नोंद तर कोणीच ठेवीत नाहीं. परंतु 'येथें नाहीं तरी कांहीं मिळत नव्हतें' हें समर्थन दारिद्र्यालाच प्रमाण मानतें. मुंबईंत ज्यांच्या पदरीं पैसा होता त्यांस पॅप चाचणी मिळत होती. ती वस्तींतल्या बाईस मिळत नव्हती, ही निसर्गाची योजना नव्हती. तेव्हां संमति घेतांना 'दुसरी एक चाचणी आहे, ती अमुक ठिकाणीं होते' इतकें सांगण्यास खर्च पडत नाहीं. संमति म्हणजे आंगठा किंवा सही नव्हे. आपण काय सोडीत आहों हें कळून दिलेला होकार म्हणजे संमति.

आतां पुरावा जमला त्याचा नियम कसा झाला तें पाहूं. येथें बखर आणि पत्र यांच्यांतला विरोध जसा असतो तसाच उद्भवला. बार्शीच्या प्रयोगांत १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले होते: एकास विषाणूची चाचणी, एकास पॅप, एकास व्हिनेगर, एकास कांहींच नाहीं, आणि प्रत्येक चाचणी एकदांच. २००९ सालीं निकाल आला तो असा कीं, या रोगास कारण होणारा पॅपिलोमा विषाणु शोधणारी चाचणी एकदांच झाली तरी मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटले. पॅप आणि व्हिनेगर यांचा तसा निर्विवाद लाभ दिसला नाहीं. मग मुंबईनें व्हिनेगरचा गुण गाइला तो खोटा काय? तसें नव्हे. मुंबईंत तपासणी चार वेळां झाली होती, बार्शीकडे एकदांच. एकदां पाहून सुटलेली विकृति दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस सांपडते. दोन साक्षी परस्परविरोधी दिसल्या तर आधीं त्या एकाच गोष्टीविषयीं बोलत आहेत काय हें पाहावें, हा आमच्या शास्त्राचा नियम येथेंही लागू पडला. भारत सरकारनें २०१६ सालीं ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठीं दर पांच वर्षांनीं व्हिनेगरची तपासणी ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं विषाणूच्या चाचणीस अग्रस्थान दिलें. एकानें हातीं असलेलें साधन पाहिलें, दुसऱ्यानें उत्तम साधन पाहिलें. दोहोंच्या मागें मराठी मुलुखांतल्या बायांचा पुरावा उभा आहे.

असा हा पुरावा परळ-बार्शीहून निघाला, शिकागोस गेला, जिनीव्हास गेला, आणि नियम होऊन परत आला. पण कोठपर्यंत आला? २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, ३० ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं ज्यांची ही तपासणी आयुष्यांत एकदां तरी झाली आहे त्यांचें प्रमाण शेंकडा १.९ आहे. त्याच पाहणींत गर्भवती स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक, शेंकडा ५२.२, रक्तक्षयानें पीडित निघाल्या. आणि लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या ठरल्याप्रमाणें १८० दिवस घेतलेल्या माता शेंकडा २६ भरल्या. हे आंकडे वाचल्यावर आम्हांस जें वाटलें तें लिहितों. तपासणीविना ठेवलेला तो दुसरा गट प्रयोगाबरोबर संपावयास पाहिजे होता. तो संपला नाहीं. तो देशभर पसरला आहे. प्रयोगांत निदान त्या बायकांचीं नांवें तरी कोणी लिहून ठेवीत होतें, कोणी दारीं येऊन विचारपूस करीत होतें. त्या पाहणीच्या काळीं या वयाच्या शेंकडा अठ्ठ्याण्णव स्त्रिया त्याच गटांत होत्या. २५४ मृत्यूंविषयीं शास्त्रज्ञांस जाब विचारणारांनीं हा मोठा जाब आपणां सर्वांस विचारावयास हवा.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें घेऊन मनुष्य जन्मास येतो असें आपले पूर्वज मानीत. चौथें एक ऋण आमच्या पिढीच्या माथ्यावर आहे. ज्या पडदानशीन बायकांनीं विल्सबाईंस आपल्या चुलीपर्यंत येऊं दिलें आणि आपलें रक्त दिलें, ज्या दीड लक्ष बायकांनीं आरोग्यसेविकांस आपलीं दारें उघडलीं, आणि ज्यांच्या वाट्यास दैवानें दुसरा गट आला, त्यांचीं नांवें कोणत्याही पाटीवर नाहींत. हाफकिनचें नांव इमारतीवर आहे, टाटांचें आहे, वाडियांचें आहे; या बायकांचें असणें शक्यही नाहीं. त्यांचें ऋण फेडावयाचें तर तें नियम अंमलांत आणूनच फिटेल. सरकारनें सेविका नेमाव्या, त्यांस पुरतें वेतन द्यावें, चाचणी वस्तीवस्तींत न्यावी, आणि तपासणींत दोष निघाला तर उपचारही तेथेंच लावून द्यावा. तें सरकारचें काम आहे. आमच्यासारख्या घरांचें काम त्याहून लहान आहे, पण तेंही होत नाहीं: घरांतल्या सुनेनें गोळी घेतली कीं नाहीं हें जसें विचारतों, तसें सासूची तपासणी झाली कीं नाहीं हेंही विचारावें, आणि धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईलाही तितक्याच आपुलकीनें विचारावें, तिच्या तपासणीच्या दिवसाचा पगार कापूं नये.

मागल्या महिन्यांत आमच्या धाकट्या बहिणीनें स्वतःहून दूरध्वनि केला. "तपासून आलें," ती म्हणाली, "दहा मिनिटें लागलीं. दुखलें नाहीं." नंतर ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हळूच म्हणाली, "मावशीला ठाऊक असतें तर तीही गेली असती रे." आम्हांसही तसेंच वाटतें.